रुखवतातला गालिचा

"वैनी, जरा सोप्यात या की. आणि येताना मूठभर मीठ आणा."

माझ्या धाकट्या दिरांची, सयाजी भाऊजींची हाक आली तेव्हा मी पिशवीची चेन ओढत होते. आत माझी दोन पातळं, टॉवेल आणि आईसाठी केलेल्या रव्याच्या लाडवांचा डबा होता. चेन लाडवांच्या डब्यापाशी अडत होती आणि मला चारची एसटी गाठायची होती.

"मीठ कशाला?" मी आतूनच विचारलं.

"या तर आधी."

भरदुपारी पुरुषमाणसानं मीठ मागितलं की समजायचं, एकतर कैरी कापलीय नाहीतर काहीतरी सांडलंय. मी मिठाची बरणीच उचलून नेली.

सोप्यात संध्याकाळची तयारी झालेली होती. गावात हनुमान जयंतीचा सप्ताह चालू होता आणि कीर्तनाला आलेले महाराज रात्री आमच्याकडं जेवणार होते. दरवर्षी जेवायचे. माझे सासरे, म्हणजे आबा, गावातले जुने माळकरी. ते स्वतःच्या हातानं महाराजांचे पाय धुवायचे, आणि महाराजांना बसायला माझ्या रुखवतातला गालिचा अंथरायचा हा ठरलेला रिवाज होता. सकाळीच मी तो झटकून भिंतीलगत घातला होता.

त्या पांढऱ्या गालिच्यावर आता ताटलीएवढा लालभडक डाग पडला होता. शेजारी स्टीलचा पेला आडवा झालेला. आबा कॉटवर भिंतीकडं तोंड करून बसले होते, आणि भाऊजी उकिडवे बसून डागाकडं बघत होते.

"कोकम सरबत सांडलं," भाऊजी म्हणाले.

घरात कोकम नव्हतं. ते संपल्याचं मी घरातल्या प्रत्येकाला सांगून दमले होते आणि प्रत्येकानं बाजारातून बाकी सगळं आणलं होतं. शिवाय सोप्यात जो वास भरला होता तो कोकमाचा नव्हताच. पण मी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे उत्तर ऐकत थांबायचं, आणि मला थांबायला वेळ नव्हता.

आईच्या डोळ्याचं काम होतं. आई बेडगला एकटी राहायची. वडील गेलेले, मी एकुलती एक. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर इतका पिकलेला की बुबुळ पांढरं दिसायचं. मिरजेच्या दवाखान्यात दोनदा तिचा नंबर लागला आणि दोनदा ती गाठोडं उचलून घरी गेली, कारण मी पोचले नाही. पहिल्या खेपेला बागेत छाटणी चालू होती, बायकांची जेवणं होती. दुसऱ्या खेपेला सासूबाईंची कंबर धरली. "शालन उशाशी असल्याबिगर मी टेबलावर चढायची न्हाई," असं आई डॉक्टरांना सांगायची आणि खरंच चढायची नाही. आता तिसऱ्यांदा नंबर लागला होता. तिच्या शेजारच्या काशिनाथमामांनी तिला सकाळी नेऊन भरती केलं होतं, ऑपरेशन उद्या सकाळी होतं. आणखी उशीर झाला तर उजव्या डोळ्याचं काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी आज पोचले नाही तर ती उद्या उठून घरी जाणार, हे मला जसं माहीत होतं तसं आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. महिनाभर मी दुसरं काही बोलतच नव्हते.

"भाऊजी, मीठ टाका आणि राहू द्या. मी निघते," मी म्हणाले.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. माझ्या सासूबाई. त्यांनी डाग पाहिला, पेला पाहिला, आबांची पाठ पाहिली, आणि सगळ्यात आधी जाऊन सोप्याचं दार लावून कडी घातली. त्यावरून मला कळलं की जे काय सांडलंय ते त्यांनाही कळलं.

"शालन, घे गं घासून. पाच मिनिटाचं काम हाय."

"आत्याबाई, एसटी..."

"एसटी काय पळून जातीया? आणि तुझ्या हाताला वळण हाय. ह्यो काय करणार?"

आमच्या घरात माझ्या हाताचं कौतुक नेहमी असं काम सांगतानाच व्हायचं. मी पदर खोचला आणि बसले.

मीठ पसरलं. ते गुलाबी झालं, म्हणून वाटलं डाग निघतोय. मीठ झटकलं तर डाग तिथंच, उलट कडेनं फुगलेला. मग ओलं फडकं घेऊन घासलं. ताटलीएवढा डाग ताटाएवढा झाला.

हा गालिचा आईनं केला होता. माझं लग्न ठरलं त्या वर्षी बेडगच्या महिला मंडळात कुणी बाई शिकवायला आली होती. जाड कापडावर सुईनं लोकरीची एकेक गाठ मारायची, मग कात्रीनं वरची लव सारखी कापायची. बाकीच्या बायकांनी मोर केले, हरणं केली, ताजमहाल केला. आईनं पांढऱ्या जमिनीवर मधोमध जांभळ्या द्राक्षांचा घड केला. म्हणाली, पोरगी द्राक्षाच्या बागेत निघालीय, तिथं मोराचं काय काम. लग्नात रुखवतात तो मधोमध टांगला होता आणि आत्याबाईंनी दोन बोटांनी उचलून मागनं पाहिला होता. गाठी पक्क्या आहेत का ते बघायला. गाठी पक्क्या होत्या. तेव्हापासून तो आमच्या घरात 'आपला गालिचा' झाला. त्याच्यावर पाहुणे बसले, महाराज बसले, पंचायतीतले लोक बसले. मी त्याच्यावर कधी बसले असेन तर तो झाडतानाच.

आता डाग नेमका घडाच्या खाली होता. घडातून रस गळावा तसा.

"तसं बघितलं तर रंग जुळतोय की," भाऊजी हळूच म्हणाले.

आत्याबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते उठून मागच्या दारी पाण्याला गेले. मीही बादली घेऊन गेले. नळाखाली बादली धरून मी म्हणाले, "आता खरं सांगा. दारू हाय न्हवं?"

"दारू न्हवं वैनी. वाईन."

"मग बादली भरा आणि सांगा."

भाऊजींचं वाईनचं वेड नवं नव्हतं. आमच्या भागात तेव्हा वाईनची द्राक्षं लावायचं वारं सुटलं होतं. ते कुठंकुठं जाऊन प्रशिक्षण घेऊन आले होते, आणि ओढ्याकडच्या तुकड्यात खायच्या द्राक्षांऐवजी वाईनची वेल लावायची म्हणून दोन वर्षं आबांच्या मागं लागले होते. आबा ऐकत नव्हते. माळकऱ्याच्या रानात दारूची वेल लावणार नाही, एवढंच म्हणायचे. आबा रोज जेवणानंतर झाकणभर द्राक्षासव घ्यायचे, वैद्यांनी दिलेलं. ते औषध, त्याला माळेची आडकाठी नव्हती. भाऊजींनी त्या दुपारी काय करावं, तर ओळखीच्या कारखान्यातून आणलेली वाईन पेल्यात ओतून आबांपुढं धरली आणि सांगितलं, नव्या वैद्याचं द्राक्षासव आलंय, बघा कसं आहे.

"मग?"

"आबांनी घेतलं. म्हणाले, जुन्यापेक्षा बरं हाय. जरा आणखी दे म्हणाले."

"दिलं तुम्ही?"

"दिलं की. मला वाटलं, झालं काम. म्हणून सांगितलं. आबा, ही आपली वाईन, ह्येच मी लावायचं म्हणतोय." भाऊजी नळ बंद करायला विसरले होते, बादली वाहत होती. "त्यांच्या हातातनं पेला पडला, वैनी. तवापासनं बोलले न्हाईत."

मला हसू यायला हवं होतं. दुसऱ्या एखाद्या दिवशी आलंही असतं. त्या दिवशी मी फक्त दमले होते. दोन महिने बेदाण्याच्या शेडवर जात होते, वर सप्ताहाचा स्वयंपाक. आता माझ्यासमोर एक शिकलासवरलेला माणूस उभा होता, वडिलांची माळ बाटवून बसला होता, आणि ते माझ्या हातून धुऊन निघावं अशी त्याची इच्छा होती.

"वैनी, तेवढा डाग काढा. आबांनी आज पाय धुवायला नकार दिला तर गावाला कळंल. मग ते मला आयुष्यात वेल लावू देणार न्हाईत. आणि माळ काढून ठेवतील, ते येगळंच."

"आणि माझी आई?"

"होईल की. निघालंच समजा."

आत्याबाईंनी तोवर धुण्याचा सोडा काढून ठेवला होता. सोडा टाकला आणि पाणी शिंपडलं. माझ्या डोळ्यांदेखत लाल डाग निळा झाला. निळा म्हणजे शाईसारखा, कडेनं हिरवट.

"अगं बाई!" आत्याबाई मागं सरल्या. "हे काय झालं?"

कॉटवरून आबांनी मान वळवून पाहिलं आणि परत भिंतीकडं फिरवली. त्यांनी हात माळेवर धरून ठेवला होता.

"लिंबू पिळा," भाऊजी म्हणाले. लिंबू पिळलं. फसफसलं आणि निळ्याचा परत गुलाबी झाला. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. पुन्हा सोडा, पुन्हा निळा. पुन्हा लिंबू. रंग बदलत होता, जात नव्हता.

"तिथं प्रशिक्षणात सांगत होते," भाऊजींना आठवलं, "लाल वाईनच्या डागावर पांढरी वाईन ओततात."

"एका दारूवर दुसरी दारू?" आत्याबाईंचा आवाज चढला, मग दार आठवून उतरला. "त्यापरीस गालिचाच विहिरीत टाकते. शालन, ब्रश घे. घास की जरा जोरानं. हातात जीव न्हाई का?"

मी धुण्याचा ब्रश घेतला आणि घासायला लागले. खरं तर जीव नव्हता हातात. पण घासायला जीव लागत नाही, सवय लागते. मी घासत होते आणि पांढरी लव ब्रशला गोळा होऊन येत होती. मी ती बोटांनी काढून बाजूला टाकायची आणि परत घासायची. लोकरीचा हा एवढा गोळा जमला. बोटं सोड्यानं चरचरत होती. फाट्यावरून एसटीचा हॉर्न आला. चारची गाडी नेहमी दोनदा वाजवते, एकदा थांबताना आणि एकदा निघताना. दोन्ही ऐकले.

"गेली," मी म्हणाले.

"सहाची हाय की," आत्याबाई म्हणाल्या.

दारावर थाप पडली. आमचे हे आले होते, महाराजांसाठी केळीची पानं घेऊन. भाऊजींनी दार किलकिलं करून त्यांना आत घेतलं, परत कडी घातली आणि थोडक्यात सांगितलं. यांनी पानं खाली ठेवली, डाग पाहिला आणि म्हणाले, "त्याच्यावर पाट ठेवा की. महाराज पाटावर बसतील. डाग झाकून जाईल."

एवढा वेळ हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मी ब्रश खाली ठेवला. मला वाटलं, सुटले.

तेव्हा आबा बोलले. भिंतीकडं तोंड करूनच.

"महाराजांस्नी ह्याच्यावर बसवायचं? खाली ते असताना?"

आबांचा आवाज फुटलेला होता. त्यांचं दुःख खरं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कपटानं का होईना, त्यांचं व्रत मोडलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना ते आवडलं होतं. पण त्यांचं दुःख कॉटवर बसलं होतं आणि मी जमिनीवर ब्रश घेऊन बसले होते.

"मग घास बाई," आत्याबाई थकून म्हणाल्या. "निघंल. संध्याकाळपर्यंत वाळाय पायजे."

"अहो, मला मिरजेला सोडता?" मी यांना विचारलं. "मोटरसायकलवर. आत्ता."

"आत्ता? महाराज यायचेत. उद्या सकाळी सोडतो की."

"ऑपरेशन सकाळीच हाय."

"मग पुढच्या महिन्यात करू. मी स्वतः नेतो तुझ्या आईला. आजच कशाला जिवाला घोर?"

ते वाईट मनानं नव्हते बोलले. आमच्या घरात कुणीच वाईट मनाचं नव्हतं. तेच मला कठीण जायचं. कुणी शिवी दिली असती तर मी कित्येक वर्षांपूर्वीच नाही म्हणायला शिकले असते. सगळे गोड बोलायचे आणि मग मी घासायची.

मी उठले. गुडघे ओले झाले होते. गालिच्याच्या दोन्ही कडा धरल्या, पिळला तेवढा पिळला आणि गुंडाळायला लागले.

"काय करतीयास?" आत्याबाई म्हणाल्या.

"हा नेते मी."

"कुठं?"

"माहेरी. गावानं विचारलं तर सांगा, शालन धुवायला घेऊन गेली. खरंच हाय ते."

"आणि महाराजांस्नी बसायला?"

"घोंगडं हाय."

गालिचा मी खताच्या रिकाम्या पोत्यात कोंबला. ओला गालिचा म्हणजे धोंडा. एका हातात पिशवी, दुसऱ्या काखेत ते पोतं. दाराशी आले तर कडी वरची, आणि माझे दोन्ही हात गुंतलेले. हे नुसते उभे होते. भाऊजी डोक्याला हात लावून. आत्याबाई "अगं पण, अगं पण" करत होत्या.

आबा कॉटवरून उठले. सावकाश आले, माझ्याकडं न बघता कडी काढली, आणि परत जाऊन बसले.

सहाच्या गाडीची मी वाट पाहिली नाही. फाट्यावर बेदाण्याच्या बॉक्सचा टेम्पो मिळाला. पोत्यातून पाणी ठिबकत होतं म्हणून ड्रायव्हरनं विचारलं, "मासळी हाय का काय मावशी?" मी म्हटलं, "गालिचा." त्यानं पुढं काही विचारलं नाही. सांगलीचा पूल ओलांडेपर्यंत मला झोप लागली होती.

मिरजेला पोचले तेव्हा दिवे लागत होते. आई वॉर्डात नव्हती. बाहेरच्या बाकावर होती, मांडीवर गाठोडं बांधून तयार. काशिनाथमामा शेजारी बसून तिची समजूत घालत होते.

"आई."

तिनं मान आवाजाकडं वळवली. "शाले? आलीस व्हय?"

"आले."

"मी म्हटलं, न्हाईच येत आता."

तिच्या शेजारी बसले आणि पोतं पायाशी ठेवलं. तिनं नेहमीसारखा मला हात लावून बघायला सुरुवात केली. तोंड, खांदा, हात. मग तिचा हात पोत्याला लागला, पोत्याच्या तोंडातून आत गेला आणि थांबला. तिला दिसत नव्हतं, पण बोटांनी लव ओळखली.

"माझा गालिचा," ती म्हणाली. आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "शाले, का आणलास? घरातनं काढलं का तुला?"

"न्हाई गं."

"खरं सांग. रुखवत परत येतं ते उगं न्हाई."

"धुवायला आणलाय, आई. डाग पडलाय."

"ओला हाय," ती बोटांनी चाचपत म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता. त्या रात्री माझा हात तिनं सोडला नाही, आणि सकाळी टेबलावर चढताना डॉक्टरांना म्हणाली, "लवकर करा. मला पोरीचं तोंड बघायचंय."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडली. डॉक्टरांनी बोटं किती विचारली, आईनं बरोबर सांगितली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"किती वाळलीस गं," एवढंच म्हणाली.

गालिचा मी दवाखान्याच्या मागच्या कट्ट्यावर वाळत घातला होता. दुपारी ऊन कलल्यावर आईला घेऊन तिथं सावलीत बसले होते, डोळ्याला काळा चष्मा. तेवढ्यात सयाजी भाऊजी मोटरसायकलवरून आले. चेहरा असा खुललेला, जसा मुलगा झालाय.

"वैनी, मिटलं सगळं!" ते लांबूनच म्हणाले. आईच्या पाया पडले, डोळ्याची चौकशी केली आणि कट्ट्यावर बसले. "आबांनी महाराजांस्नी सांगून टाकलं."

"काय सांगितलं?"

"सगळं. पाय धुवायच्या आधीच. सोप्यात पंधरा-वीस माणसं बसलेली, सगळ्यांदेखत. म्हणाले, माझ्याकडनं असं असं झालं, मी तुमचे पाय धुवायच्या लायकीचा न्हाई. आणि माळ काढून महाराजांच्या पुढ्यात ठेवली."

"मग?"

"महाराज हसले की!" भाऊजींना आता सुद्धा नवल वाटत होतं. "म्हणाले, पाटील, पोरानं फसवून पाजलं तर पाप पोराचं. एकादशी धरा आणि घाला परत. स्वतःच्या हातानं माळ घातली त्यांनी आबांच्या गळ्यात. मला चार शब्द सुनावले, मी पाय धरले. झालं. सगळी हसत होती. मग पंगत बसली. घोंगड्यावर बसले महाराज, काही बोलले न्हाईत. आबा सकाळी ओढ्याकडच्या तुकड्यात गेले होते. मला म्हणाले, बघू. बघू म्हणाले, वैनी! आबा बघू म्हणाले म्हणजे अर्धं झालं."

"बरं झालं," मी म्हणाले. मला खरंच बरं वाटलं. आबांसाठी वाटलं.

"आता गालिचा द्या आणि चला. आमच्या आईचा जीव तुमच्यासाठी खालीवर होतोय. डाग असला तर असू द्या, आता काय भ्यायचं कारण न्हाई. आता काय, सगळ्या गावाला ठावं हाय."

आईनं काळा चष्मा जरा वर केला आणि गालिच्याजवळ सरकली. पोरगी द्राक्षाच्या बागेत जाणार म्हणून केलेला तो घड ती कित्येक वर्षांनी बघत होती. एकेक मणी बोटानं मोजल्यासारखा हात फिरवला. मग बोट खाली आलं. डाग आता फिका झाला होता, धड निळा ना धड गुलाबी, पण होता. आईचं बोट डागावर थांबलंच नाही. पुढं जाऊन डागाच्या मधल्या जागेवर थांबलं. तिथं लव उरली नव्हती. खालचं कापड उघडं पडलं होतं.

"हे टक्कल कुणी पाडलं?"

"मी," मी म्हणाले. "डाग निघत नव्हता. घासला."

"लोकरीला घासत्यात होय? कोरड्या फडक्यानं दाबून टिपायचं. ह्या डागानं काय झालं नसतं माझ्या गालिच्याला. राहिला असता. घासून गेलाय हा." ती परत तिथं बोट फिरवायला लागली. "सांडलं कुणी?"

"आबांनी."

"पाजलं कुणी?"

मी भाऊजींकडं पाहिलं. भाऊजी खाली बघत होते.

"मग घासत तू का बसलीस?"

तिनं मला रागावून विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून विचारलं होतं. मी उत्तर शोधलं. वळण आहे हाताला, हे आठवलं. पाच मिनिटाचं काम, हे आठवलं. आईपुढं यातलं एकही म्हणता येईना. माझे डोळे भरून आले आणि मी हात पदराखाली घेतले, कारण सोड्यानं बोटांची सालपटं निघाली होती आणि तिला आता दिसत होतं.

तिनं पदर बाजूला केला आणि हात पाहिले.

"भाऊजी," मी म्हणाले, "गालिचा राहू द्या इथंच."

"बरं. मग तुम्ही चला."

"मीही राहते."

"राहा की. दोन-चार दिवस काय..." भाऊजी म्हणाले. मग त्यांना माझा आवाज वेगळा लागला असावा. "किती दिवस, वैनी?"

मी आईकडं पाहिलं. "तेवढी जागा परत भरायची हाय. गाठी मारून. मला येत न्हाई, आईलाच येतंय. तिला सुई ओवता येऊ दे. मग येते."

भाऊजी उभे राहिले, परत बसले, परत उभे राहिले. संध्याकाळच्या भाकरी कोण थापणार, याचा विचार त्यांच्या तोंडावर सरळ वाचता येत होता. पण त्या दिवशी ते लाजलेले होते. मान हलवून गाडीकडं गेले.

आम्ही बेडगला आलो. पंधरवड्यानं आईच्या डोळ्यातलं पाणी थांबलं, महिन्यानं चष्मा लागला. अंगणात बसून ती रस्त्यानं जाणाऱ्या बाईच्या पातळाची किनार सांगायची. तांदळातला खडा माझ्याआधी टिपायची. आत्याबाईंचे निरोप येत होते, हे दोनदा येऊन गेले, दुसऱ्या वेळी रव्याचे लाडू घेऊन आले, स्वतः वळलेले, फुटके. आई त्यांना चहा द्यायची आणि सुईचा डबा पुढ्यात घ्यायची. दोरा ओला करायची, सुई उजेडाकडं धरायची आणि दोरा नेढ्याच्या बाजूनं घालवायची.

"अजून जमंना बाई," म्हणायची.

तिला चांगलं दिसत होतं.